सोळा भागांचं रडू

आमच्या घरात कोरिया आईच्या ताब्यात आहे आणि जपान आत्याच्या. चीनचा कारभार दोघींकडे सामाईक, त्यामुळे तिकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बदलापूरला एकटी राहते. लग्न केलं नाही. व्हीटीजवळच्या एका कचेरीत नोकरी केली आणि निवृत्त होईपर्यंत लोकलनं जा-ये केली. आई गिरगावातल्या चाळीत वाढलेली, लग्न होऊन डोंबिवलीला आली. नणंद-भावजयीत भांडण म्हणावं असं काही झालेलं मला आठवत नाही. जे साठलं असेल ते आता परदेशी मालिकांच्या निमित्तानं बाहेर पडत असावं. आत्या शनिवारी मुक्कामाला आली की जेवणं आटोपून टीव्हीसमोर बैठक बसते. मी पंच. पंचाचं कुणी ऐकत नाही. मात्र कोण काय बोललं ते टिपून ठेवायला कुणाची हरकत नसते.

परवा सुरुवात झाली ती पडद्यावरच्या पावसावरून.

आत्या : पाऊस आला. आता छत्री येईल.

आई : येऊ दे की.

आत्या : छत्री आली म्हणजे तो आला. तो आला म्हणजे ती घसरणार. घसरली की तो धरणार, आणि तेच धरणं चार बाजूंनी चारदा दाखवणार. डोळे मिटून सांगते तुला पुढचं.

आई : मग मिटा डोळे. मला बघू दे.

आत्या : अगं पण सोलसारख्या शहरात, जवळजवळ कोटभर वस्तीत, नेमका तोच माणूस त्याच फुटपाथवर कसा उगवतो?

आई : वन्सं, "संशयकल्लोळ" किती वेळा बघितलंत तुम्ही?

आत्या : त्याचं इथं काय?

आई : एका तसबिरीवरून केवढा गोंधळ होतो त्यात. ती तसबीर नेमकी नको तिथं कशी जाऊन पडते? तिथं तुम्ही टाळ्या वाजवता. "मानापमान"मध्ये भामिनी वेष पालटून छावणीत जाते आणि धैर्यधराला पत्ता लागत नाही ही कोण ते. ते चालतं.

आत्या : ते संगीत नाटक आहे.

आई : हेही गाणं लावतातच की.

हा गुण मी आईला दिला. कोरियन मालिकेसाठी गाणी खास बांधून घेतात, नजरानजर झाली की ठरलेलं गाणं ठरल्या जागी सुरू होतं आणि पुढं ती गाणी मालिकेवाचूनही ऐकली जातात. बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला यात काहीच वावगं वाटलं नसतं. पदासाठी नाटक थांबलं तर तो खूशच व्हायचा.

आईचं कोरियावरचं प्रेम मुळात हिशेबी आहे.

आई : सोळा भाग. आठवड्याला दोन, म्हणजे आठ आठवडे. सोळाव्याला संपणार म्हणजे संपणार. ज्यानं हे ठरवलं त्याचं भलं होवो. मी "चार दिवस सासूचे" पहिल्यापासून बघितलेली बाई आहे. 2001 ला सुरू झाली, 2013 ला संपली. तीन हजारांवर भाग. चार दिवस म्हणाले आणि बारा वर्षं मुक्काम ठोकला.

आत्या : म्हणून तर म्हणते, जपानकडे ये. दहा-अकरा भाग, तेही पाऊण तासाचे. "मिडनाइट डायनर" तर पंचवीस मिनिटांत आटोपतं. तुझ्या सोळा तासांतले सहा तास नुसते डोळे पुसण्यात जातात.

आई : आणि "ओशिन"?

आत्या गप्प. आईनं हे पान बरोबर राखून ठेवलं होतं. "ओशिन" ही एनएचकेची सकाळची मालिका. एप्रिल 1983 ते मार्च 1984, रोज पंधरा मिनिटं, एकूण 297 भाग. जपानात तिचा सरासरी प्रेक्षकवर्ग बावन्न टक्क्यांच्या वर होता आणि एकदा तर तो बासष्टच्या पुढं गेला. इराणपासून थायलंडपर्यंत लोकांनी ती बघितली. मालिकेची लेखिका सुगाको हाशिदा.

आई : सात वर्षांची पोर. एका पोत्या तांदळावर वर्षभराची चाकरी. थंडीत तराफ्यावर बसवून नदीतून पाठवून देतात तिला. तिथं तुमच्या जपाननं काय हातचं राखलं होतं? अख्खा देश सकाळी-सकाळी चहा घेता घेता रडत होता.

आत्या : रडायला माझी ना नाही. त्या पोरीच्या पोटात अन्न नव्हतं, ती रडली. तुझ्या नायकाला काय कमी आहे? त्याच्या बापाच्या मालकीची निम्मी इमारत आहे, आणि तो काचेच्या भिंतीपाशी उभा राहून रडतो. मग दुःख फार झालं की सँडविच खायला जातो. तेही सबवेचंच.

आई : जाहिरात असते ती. आपल्याकडे कथा थांबवून जाहिरात दाखवतात, ते कथेत घालून दाखवतात. मधे उठावं तरी लागत नाही.

आत्या : मधे उठायला मिळावं म्हणून तर जाहिराती असतात.

(सबवेचं खोटं नाही. ते दुकान इतक्या कोरियन मालिकांत आलं आहे की त्यावर अमेरिकन वर्तमानपत्रांनीही लिहिलं.)

भाषेच्या बाबतीत दोघींचं जमणं अशक्य आहे. आई पोळ्या लाटता लाटता बघणारी. तिला हिंदी आवाज हवा. आत्या सगळी कामं उरकून, चष्मा पुसून, खालची अक्षरं वाचत बघते. आवाज बदलला की नट बदलला, असं तिचं म्हणणं. मी मधे तोंड घालून सांगितलं की चिनी मालिकांत मूळ चिनी आवाजही पुष्कळदा त्या नटाचा नसतोच, दुसरा कलावंत तो नंतर भरतो. त्यावर आई म्हणाली, "बघा!" आणि आत्या म्हणाली, "म्हणूनच मी चिनी बघत नाही." माझ्या माहितीचा उपयोग एवढाच झाला.

खाण्यावर मात्र चर्चा रंगते. एकमेकींच्या देशाला दोघी तिथं थोडी तरी सवलत देतात.

आई : "रिप्लाय 1988" चा पहिला भाग घ्या. सांगमुनदोंगची ती गल्ली, पाच कुटुंबं. संध्याकाळची जेवणाची वेळ. एक आई मुलाला भांडं घेऊन शेजारी पाठवते, शेजारीण ते रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात दुसरं काही घालते, तिसरीकडून चौथीकडे काहीतरी जातं. मुलं नुसती या दारातून त्या दारात पळताहेत. शेवटी एका घरात एकच पदार्थ शिजला होता तिथं सगळं पान भरलेलं. अहो, ही आमची चाळ! वाटी रिकामी परत करायची नाही, निदान साखर तरी घालायची. मी किती वाट्या पोचवल्या असतील परकर सावरत. हे त्या दिग्दर्शकाला कुणी सांगितलं?

आत्या : चांगलं आहे ते. मी नाही कुठं म्हणते? पण त्या वाटीबरोबर चौकशाही येतात, त्या नाही दाखवत. चाळीत वाटी आली की मागून प्रश्न आलाच : यंदा कर्तव्य आहे का? मला ते "मिडनाइट डायनर" बरं. रात्री बाराला उघडतं, सकाळी सातला बंद. पाटीवर म्हणशील तर डुकराच्या मांसाचं एक सूप, बाकी प्यायचं. पण कुणी काही मागितलं आणि घरात सामान असलं की तिथला मालक करून देतो. कुणाला गरम भातावर लोणी आणि सोया सॉस, कुणाला ऑक्टोपससारखे कापलेले लाल सॉसेज. वाढतो आणि बाजूला होतो. लग्न का नाही केलं ते विचारत नाही.

आई : आणि तो दुसरा? कोट घालून नुसता एकटा खात बसतो?

आत्या : "कोदोकु नो गुरुमे." तोक्योच्या वाहिनीवर 2012 पासून चालू आहे. कामाला गेला की भूक लागते, हॉटेल शोधतो, खातो, मनातल्या मनात बोलतो, निघतो.

आई : त्यात बघायचं काय? एकट्या माणसाचं जेवण ते.

आत्या : मी रोज एकटीच जेवते, वहिनी.

आईनं यावर काही म्हटलं नाही. उठून सुपारीचा डबा आणला. मला वाटतं, माणसाची आवड कुठून येते ते विचारायचं असेल तर तो कुणाबरोबर जेवतो ते आधी विचारावं. पण हे मी तेव्हा बोलले नाही. पंचानं सामना चालू असताना भाष्य करू नये.

"रिप्लाय 1988" चा विषय निघाला की तो नवऱ्यावर जाणारच. त्या मालिकेची गंमत अशी की नायिका डक-सन आजच्या काळात आपल्या नवऱ्याशेजारी बसून जुन्या आठवणी सांगते, पण गल्लीतल्या मुलांपैकी तो नेमका कोणता झाला हे शेवटापर्यंत लपवून ठेवलेलं असतं. 2015-16 च्या त्या हिवाळ्यात कोरियातल्या घरांत यावरून तट पडले होते. एकीकडे टेक : बुद्धिबळासारखाच एक पटावरचा खेळ खेळणारा, पटावर वाघ आणि घरी बुटाची नाडी बांधता न येणारा. दुसरीकडे जंग-ह्वान : तिरकस, मनातून हळवा, तोंडातून एक अक्षर न काढणारा. आमच्या घरात तो तट अजून मिटलेला नाही. आणि इथं एक नमूद करायला हवं. कोरियन मालिकांना नावं ठेवणाऱ्या आत्यानं ही मालिका, प्रत्येकी तासाहून मोठे वीस भाग, एकही मिनिट न सोडता पाहिली आहे.

आत्या : त्या पोरावर अन्याय झाला. बसमध्ये गर्दीचा धक्का तिला लागू नये म्हणून हात ताणून उभा राहतो. सकाळी ती निघेपर्यंत बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसतो. आणि शेवटी काय? गाडी घेऊन तिच्याकडे निघतो, वाटेत लाल सिग्नल लागतात, पोचतो तेव्हा दुसरा आधीच तिथं उभा. सिग्नलमुळे मुलगी गेली!

आई : सिग्नलमुळे नाही गेली. इतकी वर्षं तोंड उघडलं नाही म्हणून गेली. टेकनं काय केलं? सामना सोडून आला. त्याला गाडी नीट चालवता येत असेल-नसेल, पण तो आला. आणि तुमचा तो जंग-ह्वान स्वतःच म्हणतो की सिग्नलचा दोष नव्हता, माझ्या कचरण्याचा होता. त्याला कळलं, तुम्हाला नाही कळत.

आत्या : मला कळतं. म्हणून तर तो आवडतो.

आई : अहो, पण प्रेम असलं तर बोलायला नको?

आत्या : बोललं म्हणजेच असतं का?

मला वाटतं आमच्या घरातला कोरिया-जपान वाद हा मुळात एवढाच आहे. बाकी छत्र्या, सँडविच आणि सबटायटल ही सगळी वरची फोडणी. आईला मनातलं बोलून टाकणारी माणसं आवडतात, मग ती सोळाव्या भागात का बोलेनात. आत्याला गिळून टाकणारी. म्हणून आत्यानं तिचं लाडकं उदाहरण काढलं, आणि ते तिच्यावरच उलटलं.

2017 ची "क्वार्टेट" ही जपानी मालिका. लेखक युजी साकामोतो. कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणी चार वादक एका बंगल्यात राहायला येतात. पहिल्याच रात्री टेबलावर तळलेल्या कोंबडीचं ताट येतं. दोघं जण लगेच सगळ्या तुकड्यांवर लिंबू पिळतात. तिसरा भडकतो : विचारलंत का? कोंबडी धुतली तरी ते लिंबू आता निघणार आहे का? मिनिटांमागून मिनिटं या लिंबावर वाद चालतो. प्रेक्षक हसत असतो. पुढं ताकाको मात्सुनं केलेली ती अबोल व्हायोलिनवाली सांगते की तिचा नवरा एक दिवस घरातून निघून गेला, तो गेलाच. त्याआधी एका हॉटेलात तिनं त्याला चोरून ऐकलं होतं. सोबतच्यानं लिंबू पिळायचं का विचारलं, तर तो म्हणाला, नको, मला लिंबू आवडत नाही. आणि ही घरी इतके दिवस त्याच्या ताटातल्या कोंबडीवर प्रेमानं लिंबू पिळत आली होती.

आत्या : संपला प्रसंग. रडणं नाही, कानफटात नाही, पाऊस नाही. ती आपली सांगते, बाकीचे ऐकतात. एक लग्न कसं मोडलं ते तुला लिंबाच्या फोडीत कळलं.

आई : एवढंच?

आत्या : एवढंच म्हणजे काय?

आई : सांगायचं ना मग त्यानं! की बाई, नको पिळूस. दोन शब्द. नवरा-बायकोत तेवढं नाही बोलता येत? आणि हिचं काय चुकलं? हिनं प्रेमानंच केलं. आपलं काय चुकतंय ते हिला कळायची सोयच नाही. वन्सं, तुम्हाला यात संयम दिसतो. मला यात एक घुम्या दिसतो. घुम्या माणसाबरोबर राहायला लागलं की कळतं, मग लिंबू मोजून पिळावं लागतं.

हे म्हणताना तिनं बेडरूमच्या दाराकडं पाहिलं. आत बाबा घोरत होते. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. घुमेपणा घराण्यातला आहे.

मधे दहा मिनिटं चीनला मिळाली. "स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस" ही 2018 ची सत्तर भागांची मालिका. चियानलाँग बादशहाचा जनानखाना, बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला दासी म्हणून शिरलेली नायिका, आणि दर दोन भागांना एक नवीन कारस्थान. आत्याच्या मते ही आपलीच साडेआठची मालिका, फक्त डोक्यावरचं वजन जास्त. आईला त्यातली भरतकामाची वस्त्रं आणि केसांतली रेशमी फुलं आवडली; ती हातानं करायची जुनी कला त्या मालिकेमुळे पुन्हा चर्चेत आली होती. पुढं तिथल्या सरकारी वर्तुळातून अशा राजवाड्याच्या मालिकांवर टीका झाली आणि काही वाहिन्यांनी ही मालिका बंद केली. 2020 मध्ये तर मालिका शक्यतो चाळीस भागांच्या आत आवरा असं नियामकांनी सांगितलं. आई म्हणाली, असा एक नियामक आपल्याकडे पाठवून द्या. मला विचाराल तर "नर्व्हाना इन फायर", 2015, चोपन्न भाग, चेहरा बदलून परतलेला सेनापतीचा मुलगा आणि एका बदनाम झालेल्या सैन्याचा न्याय. पण मला कुणी विचारत नाही.

मग आईनं "व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टॅन्जरिन्स" लावली. मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली, दर आठवड्याला चार भाग अशी महिनाभर सोडलेली. कथा जेजू बेटावरची, 1950-60 च्या दशकांपासून आजपर्यंत. ए-सुनला कवयित्री व्हायचंय, तिची आई समुद्रात बुडी मारून शंखशिंपले काढणारी हेन्यो, आणि ग्वान-शिक हा लहानपणापासून ए-सुनच्या मागं मुकाट चालणारा मुलगा. लहानपणी ए-सुन चुलत्यांच्या घरी राहते, तिथं पानात सगळ्यांना मासा वाढतात, तिला नाही. तिच्या आईला हे कळतं तेव्हा ती काय करते, ते पाहताना आमच्याकडे कुणी सुपारीही कातरत नव्हतं. पुढं लग्न होऊन ए-सुन सासरी जाते. तिथं पुरुषांचं जेवण मोठ्या टेबलावर, बायकांचं मागं बाजूला. एक दिवस ग्वान-शिक काही न बोलता वळून बसतो. पाठ वडीलधाऱ्यांकडे, तोंड बायकोकडे. तसाच जेवतो.

आई डोळे पुसत होती. आत्यानं चष्मा काढला, पण तो पुसायला.

आई : हा तर बोलत नाही ना? घुमाच आहे. आवडायला हवा तुम्हाला.

आत्या : मला तो नाही खटकत. त्याच्यावरची लोकांची भक्ती खटकते. एक पुरुष जेवताना वळून बसला. बस्स, एवढंच केलं त्यानं. टेबल एक नाही केलं, बायकांना वर नाही बसवलं. आणि त्यावर कोरियापासून डोंबिवलीपर्यंतच्या बायका पदर भिजवताहेत. किती थोडक्यात भागतं गं आपलं.

आई : थोडक्यात भागतं हेच तर दाखवलंय त्यांनी.

आत्या : दाखवलं नाही, गोड करून वाढलं. सोळा भागांत एकदा तरी त्या बाईच्या मनात यावं की नवरा चांगला मिळाला, पण कविता कुठं गेली?

आई : येतं की. तुम्ही झोपला होतात तेव्हा. मुलीला शिकवायचं म्हणून किती काय सोडते ती. आणि आईचं तरुणपण आणि मुलगी, दोन्ही कामं एकाच नटीनं केलीत, आययूनं. ते उगाच नाही. तीच बाई दुसऱ्यांदा जन्माला येऊन पुढं जाते.

आत्या : ते मान्य. पण त्या टेबलाचं...

आई : वन्सं, टेबलाचं तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही पहिल्या पंगतीत असायचात.

हे आई अगदी सरळ आवाजात म्हणाली. कुत्सित वगैरे काही नव्हतं त्यात. आमच्या जुन्या घरात पुरुष आणि मिळवती मुलगी आधी जेवायची; आई आणि आजी मागून. मी लहान असताना आईच्या मांडीवर बसून दुसऱ्या पंगतीत जेवायचे, भाजी तोवर तळाला गेलेली असायची, रस्सा उरलेला असायचा. मला तेव्हा रस्साच आवडतो असं सगळे म्हणत.

आत्या : मला सकाळची लोकल गाठायची असायची.

आई : रविवारीसुद्धा?

पंचानं मोबाइलमध्ये डोकं घातलं. पडद्यावर पुढचा भाग आपोआप सुरू झाला, तो आईनंच थांबवला. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, आणि बोलली ती भलत्याच मालिकेबद्दल.

आत्या : तुझ्या कोरियातलं एक मला आवडतं. तिथं लोक नटाइतकंच लेखिकेचं नाव विचारतात. या बाईचं लिखाण म्हणून मालिका बघतात. पार्क हे-यंग म्हणून आहे एक. "माय मिस्टर" तिचीच, 2018 ची. आणि त्यानंतरची "माय लिबरेशन नोट्स", 2022.

आई : ती कंटाळवाणी? मी दुसऱ्या भागात उठले होते.

आत्या : तीच. तीन भावंडं सोलबाहेरच्या खेड्यात राहतात आणि रोज नोकरीला शहरात जातात. अर्धा जन्म गाडीत. शेवटची गाडी चुकली की तिघं मिळून टॅक्सी करतात, तेही पैसे वाटून. त्यातल्या भावाला त्याच्या मैत्रिणीनं सुनावलेलं असतं की सोलभोवतीचा ग्योंगी प्रांत म्हणजे अंड्यातला पांढरा भाग, पिवळा बलक तो सोल. वहिनी, मी तीस-पस्तीस वर्षं त्या पांढऱ्यात उभी राहून गेले. दारात. ते लिहिणाऱ्या बाईनं बदलापूर लोकल पाहिली असणार.

आई : मग त्याचं आता काय?

आत्या : त्यात त्यांची आई आहे. सबंध मालिकेत ती एकदाही निवांत बसत नाही. शेतावर राबते, घरात राबते, सगळ्यांना वाढते, स्वतः कधी जेवते ते कॅमेराही दाखवत नाही. आणि एक दिवस भात चढवते, जरा आडवी होते म्हणून आत जाते आणि जाते. त्यावर गाणं नाही, पाऊस नाही. बस, भात चढवलेला असतो. मग घरातल्या प्रत्येकाला कळायला लागतं की हे सगळं उभं कशावर होतं. मी तो भाग एकटीनं बघितला. रात्री बदलापूरला.

आई : आणि मग?

आत्या : मग काही नाही. सकाळी तुला फोन केला होता. जेवलीस का विचारायला.

आई : आठवतं. मला वाटलं तुमची तब्येत बिघडली. सकाळी साडेसातला कोण विचारतं जेवलीस का?

आत्या : तू म्हणालीस, चहा झाला. आणि ठेवलास.

आई : सांगायचं ना मग, वन्सं! त्या लिंबूवाल्यासारखं काय ते?

आत्यानं उत्तर दिलं नाही. आईनं रिमोट माझ्या हातातून घेतला, "माय लिबरेशन नोट्स" शोधून काढली आणि वेगाच्या खुणेवर गेली.

आत्या : हे काय करतेस?

आई : दीडपट लावते. सोळा तास गप्प बसलेली माणसं बघायला मला पुढचा जन्म घ्यावा लागेल.

आत्या : अगं, त्यात बोलणं कमी आहे म्हणून तर ते हळू आहे! दीडपट वेगानं गप्प बसून काय कळणार?

आई : सव्वापट. याच्या खाली मी येणार नाही.

आत्या : आणि हिंदी आवाज नाही. कोरियनच.

आई : म्हणजे पोळ्या करायच्या नाहीत?

आत्या : पोळ्या मी करते उद्या. तू बैस.

आई : तुमच्या पोळ्या? मग भातच लावू.